कोरडी काख

दुर्गानं काखेत लावायच्या रोल-ऑनचं झाकण उघडलं आणि सवयीनं बाटली नाकाशी नेली. काहीच आलं नाही. तरी तिनं ती तशीच धरून ठेवली, जरा थांबलं तर काहीतरी येईल अशा आशेनं.

"मागची संपली एवढ्यात?" काउंटरपलीकडून गुजराती कल्पेशनं विचारलं. नरोलीच्या नाक्यावरचं ते मेडिकल त्याचंच होतं.

"संपली नाही. तिचं काही कळत नाही."

"ती नॅचरल, बेन. घाम येऊ देते, फक्त वास दाबते. ही अँटीपर्स्पिरंट. ही घामच अडवते." त्यानं दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. "लोक म्हणतात, घाम अडवणं बरं नाही. डॉक्टर तसं काही म्हणत नाहीत. तुम्हाला कोणती पाहिजे, तुम्ही बघा."

दुर्गा बघत राहिली. नॅचरल बाटलीचं सगळं काम वासाचं, आणि वास तर तिला येत नव्हता. करोनाच्या तापातून ती उठली, जिभेवर चव परतली, पण नाक काही परतलं नाही. फोडणीचा लसूण ती रंगावरून ओळखायची, दूध उतू जायच्या आधी पातेल्यासमोर उभी राहायची. त्याची तिला सवय झाली होती. पण स्वतःच्या अंगाला वास येतो की नाही, हे डोळ्यांनी कसं बघायचं? घाम थांबला का, एवढं निदान हाताला कळलं असतं.

तिनं घाम अडवणारी घेतली.

ती कपड्यांच्या कंपनीत चेकिंग टेबलवर होती. बंद एसी हॉल, खेटून बसलेल्या बाया, समोर शर्टांचे ढीग. काही दिवसांपूर्वी सुपरवायझर स्नेहलनं तिला जिन्यापाशी बोलावलं होतं. स्नेहल चिपळूणची, आवाज चढवून कधी बोलायची नाही.

"राग मानू नकोस, दुर्गा. टेबलवरच्या बाया म्हणतात, तुझ्या अंगाला वास येतो. सडक्या कांद्यासारखा."

जमीन दुभंगावी असं दुर्गाला वाटलं. त्या दिवसापासून तिनं कांदा-लसूण सोडला. दोन वेळा अंघोळ सुरू केली. काखेत लिंबू चोळलं, तुरटी फिरवली. मग ती नॅचरल बाटली आणली. त्या बाटलीनं काखेत लाल चट्टे उठले, तरी ती लावत राहिली. रोज कामावर निघताना नवऱ्यासमोर हात वर करून उभी राहायची.

"खरं सांगा. येतो का?"

नवनाथ जवळच्या सायली गावातल्या एका केमिकल कंपनीत रात्रपाळीला होता. कामावरून येऊन चहा पीत बसलेला असायचा. वाकून तिच्या काखेजवळ तोंड न्यायचा आणि म्हणायचा, "नाही गं. काहीच नाही."

नव्या बाटलीनं मात्र काम केलं. दुपारी बाथरूममध्ये जाऊन दुर्गानं कुर्त्याच्या आत हात घातला. काख कोरडी, खडखडीत. कितीतरी दिवसांनी ती टेबलवर कोपर पसरून बसली, शेजारच्या अलकाशी दोन शब्द बोललीसुद्धा. अलकानं उत्तर दिलं, पण स्टूल हळूच पलीकडे सरकवलं.

सुट्टी होताना स्नेहलनं पुन्हा थांबवलं. या वेळी तिनं ओढणी नाकाला लावली होती. लक्षात आलं तशी तिनं ती खाली घेतली.

"मॅडम, घाम नाही आता. हात लावून बघा," दुर्गा म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं.

"अगं, माझ्या हातात काही राहिलं नाही. सोमवारपर्यंत बघते. नाहीतर ठेकेदाराला दुसरी बाई पाठवायला सांगावं लागेल."

दुर्गा चालतच घरी आली. घामाचा नाही, तर मग कसला? आतून काही सडलंय का आपल्या? वाटेत दोनदा ती थांबली, मनगट नाकावर दाबून तिनं खोल श्वास घेतला. नुसती हवा.

खोलीत नवनाथ डब्याची वाट बघत मोबाईल घेऊन बसला होता. तिनं डाळ गॅसवर चढवली. "लक्ष ठेवा हं," म्हणाली आणि बादली घेऊन अंगणातल्या नळावर गेली. नळाला धार बारीक होती. बादली भरेपर्यंत ती काखेतले चट्टे खाजवत, रडू दाबत उभी राहिली.

"काय जळी राहिलं वं?" शेजारची आक्काबाई ओरडत आली आणि थेट आत घुसली. दुर्गा मागोमाग धावली.

पातेल्यातून काळा धूर निघत होता. आक्काबाईनं गॅस बंद केला. शेगडीकडे पाठ करून नवनाथ तिथेच, हातभर अंतरावर बसला होता. मोबाईलवरून त्यानं आता मान वर केली.

"पोरा, मले पार तिकडं वास आला. तू इथं बसून काय करी राहिला होता?"

नवनाथनं मोबाईल पालथा ठेवला. दुर्गा त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"कधीपासून?"

"तू तापातून उठलीस, त्यानंतर थोड्या दिवसांनी," तो म्हणाला. "मला ताप नव्हता. पण वाटलं, तुझं तेच मलाही लागलं असेल. येईल परत."

"आणि मी रोज विचारायची, तेव्हा?"

"तुझ्या तोंडाकडं बघून सांगायचो."

दुर्गा उठली. आक्काबाईसमोर गेली आणि तिनं हात वर केला. इतके दिवस ज्या गोष्टीची तिला मरणाची लाज वाटत होती, ती आता सहज घडली.

"आक्का, तुम्ही सांगा. माझा वास कसा येतो?"

आक्काबाईनं जवळ येऊन काख हुंगली, मग खांद्यावरचा कुर्ता.

"अंगाचा नाही येत, माय. कपड्याचा येतो." तिनं खुंटीवरच्या नवनाथच्या कंपनीच्या शर्टाकडे हनुवटीनं खूण केली. "त्या शर्टाचा. एकाच बादलीत भिजवते ना तू? हा गल्लीतून गेला का आम्हाले घरात कळतं. मले वाटलं, तुम्हाले माहीत असेल. पोटासाठी करता, म्हणून बोलली नाही कधी."

आक्काबाई गेल्यावर दुर्गा नवनाथशेजारी येऊन बसली. दुर्गाच्या मनात सोमवार नव्हता, स्नेहल नव्हती. शेजारी बसलेला हा माणूस रोज रात्री कंपनीत श्वासातून काय आत घेत होता की त्याचं नाकही गेलं, एवढंच होतं.

नाक्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. नवनाथ उठला, त्यानं शर्ट खुंटीवरून काढला. दुर्गानं त्याची एक बाही धरली.

"सोड, बस जाईल," तो म्हणाला. पण त्यानं बाही ओढली नाही.

हॉर्न पुन्हा वाजला.