भिंतीवरची बत्तीस माणसं

आमच्या महाडच्या इस्पितळातून लोक औषध न्यायचे, पण खाट म्हटली की पळायचे. हे १९६१ साली गणपतीनंतर सुरू झालं आणि का, ते कुणालाच कळेना. मी तिथे नर्स होते. नाव कालिंदी, जीभ तिखट, आणि एखाद्या गोष्टीचं मूळ सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही.

एवढं माझ्या लक्षात आलं होतं की पळतात ते दारासमोरची भिंत बघून. तिथे आमच्या श्रीधर डॉक्टरांनी नवी चौकट लावली होती. बऱ्या झालेल्या रोग्यांचे काळे-पांढरे फोटो त्यांनी स्वतःच काढलेले. एका रविवारी ते कात्री घेऊन बसले आणि बत्तीस चेहरे कापून एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवले. कुणी सरळ, कुणी तिरपा, सगळे दाटीवाटीने. वर काच. हेतू हा की बघणाऱ्याला धीर यावा. पोलादपूरकडची माणसं यायची, चौकटीसमोर उभी राहायची, टोपी काढायची, हात जोडायची आणि चालू पडायची. दसऱ्याला तर कुणीतरी खाली झेंडूचं फूल ठेवून गेलं.

"लोकांना विज्ञानाचा आदर वाटू लागलाय, कालिंदीबाई," डॉक्टर म्हणाले. मला काही ते पटलं नाही. आमच्या माणसांना आदर वाटला तर ती काकड्या आणून देतात, पळून जात नाहीत.

मार्गशीर्षात उमरठहून भागोजीला डोलीत घालून आणलं. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकलेला, पोट दगडासारखं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, "संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर हा जगत नाही." घरात थोरलं कुणी नव्हतं, तेव्हा कागदावर अंगठा लावायचा तो त्याच्या बायकोने, तुळजाबाईने. ती उठली, भिंतीकडे वळली आणि तिथेच थबकली. मग डोलीवाल्यांना म्हणाली, "उचला रे. घरला नेऊ."

मी तिचा हात धरला. "अगं, मरेल तो!"

"मरायचाच आसंल तर आपल्या घरात मरंल. हितं आलेली समदी गेली. तुम्हीच लावून ठेवलीत की!" तिने चौकटीकडे बोट केलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे घरात फोटो लागतो तो माणूस गेल्यावर! माझ्या माहेरी भिंतीवर आजोबा, काका, थोरली आत्या, सगळे हार घालून बसलेले. तरी तीन महिने माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि दुसऱ्याला अडाणी म्हणायला मी सगळ्यांच्या पुढे.

"ही सगळी जिवंत आहेत," मी म्हणाले.

"दाखवा," तुळजाबाई म्हणाली.

बहुतेक जण लांबच्या गावचे. पण तिसऱ्या ओळीतली साळूबाई महाडच्या बाजारात शेंगा विकायला बसायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या पोटातला गोळा काढला होता. मी पदर खोचला आणि भर बाजारातून धावत गेले. लोक बघत होते, बघोत. साळूबाईला टोपलीवरून उठवलं आणि हाताला धरून ओढत आणलं.

तिनेही ती चौकट कधी बघितली नव्हती. स्वतःचा चेहरा सापडला मात्र, तिने इस्पितळ डोक्यावर घेतलं.

"अरे देवा, मला मारलीत व्हय? तरीच माझी पोलादपूरची विहीण परवा मला बघून किंचाळली!"

तुळजाबाई तिच्याजवळ गेली आणि दंडाला चांगला चिमटा काढला. साळूबाईने तिला शिवी हासडली. मग तुळजाबाईने वाकून तिचे पाय बघितले. सरळच होते.

"बाकीची?" तिने मला विचारलं.

आता खोटं बोलणं सोपं होतं, आणि डॉक्टर डोळ्यांनी मला तेच सुचवत होते. पण मला जमेना.

"एक गेला," मी कोपऱ्यातला म्हातारा दाखवला. "कुशाबा. इथून बरा होऊन घरी गेला, पुढच्या पावसात शेतात साप चावला. बाकीची माझ्या माहितीत सगळी आहेत."

तुळजाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "एक गेला म्हनालीस, म्हंजे बाकीचं खरं आसंल," ती म्हणाली. "अंगठा कुठं लावू?"

भागोजी वाचला. त्याने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा मला रडू आलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नाही.

बाराव्या दिवशी तो घरी निघाला तेव्हा डॉक्टर कॅमेरा घेऊन हजर! मी म्हटलं, पुरे झाले ते फोटो, आधी ती चौकट खाली काढा. पण तुळजाबाईनेच मला गप्प केलं.

"काढू दे फोटू. पर मी शेजारी बसनार."

तिने माझ्याकडे कुंकवाची डबी मागितली आणि खिडकीच्या काचेत बघून कपाळावर नेहमीच्या तिप्पट मोठं कुंकू लावलं.

"एवढं मोठं कशाला?" मी विचारलं.

"काळ्या फोटूत लांबनं दिसाया नको गो? माजं कुकू दिसलं, की बघनाऱ्याला कळंल, ह्यो जिता हाय."