पाटीवरचा मुलगा

सोमवारी आमची बेकरी बंद असते, त्यामुळे घरातल्या वाईट बातम्या सोमवारी दुपारी कॉफीबरोबर सांगायच्या अशी आमच्याकडे पद्धतच पडली आहे. मीही हांबुर्गहून निघालो तो अख्ख्या प्रवासात एकच वाक्य घोकत आलो.

बेकरीच्या दारावर आमच्या आडनावाची पाटी तीच, 'रॉयटर आणि मुलगा'. लहानपणापासून मला तिचा राग येतो. मी जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, त्यात सुखी आहे, आणि पप्पांना मात्र दर नाताळात "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आलो. शेवटी यास्नाने फोन केला. ती कित्येक वर्षं पप्पांच्या हाताखाली भट्टीवर काम करते.

"फाइट," तिने माझं नाव घेऊन सुरुवात केली, "बेकरी मला हवीय. तुझ्या बापाला या आठवड्यात सांग, नाहीतर मी दुसरीकडे बघते. तुझ्या भित्रेपणापायी मी म्हातारी होणार नाही."

आईने आलुबुखाराचा केक वाढला. मी घसा खाकरला.

"पप्पा, मी तुमची निराशा करणार आहे."

आमच्या भाषेत याला 'एंटटॉयशेन' म्हणतात, आणि आईसमोर मी तो शब्द काढायलाच नको होता. तिचा जन्म शाळेत जर्मन शिकवण्यात गेला. शब्द हाती आला की ती मटारासारखा सोलते.

"'टॉयशेन' म्हणजे फसवणं," ती म्हणाली. "'एंट' म्हणजे त्यातून सोडवणं. फ्रेंच शब्दाला आपला पर्याय हवा म्हणून घडवलेला शब्द. आधी अर्थ एवढाच होता, माणसाला भ्रमातून बाहेर काढणं. रडारड त्याला नंतर चिकटली."

"आई, माझा इथे जीव चाललाय आणि तू शाळा भरवतेस."

"मग बोल ना. कुठल्या भ्रमातून काढतोयस त्यांना?"

"मी बेकरी घेणार नाही. कधीच घेणार नव्हतो."

पप्पांनी काटा खाली ठेवला.

"नक्की?"

"नक्की, पप्पा."

"नंतर फिरणार नाहीस?"

"नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "पाटी तुझ्या आजोबांनी लावली. तिच्यावरचा मुलगा मी आहे. मलाही कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून भट्टीसाठी मध्यरात्री उठतोय. गुडघे गेले. यास्नाने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हटलं. म्हटलं, पोराच्या तोंडचा घास कसा विकायचा?"

"मला वाटलं, तुमचा जीव अडकलाय त्यात."

"मला वाटलं, तुझा. दर नाताळात पुढचं वर्ष, पुढचं वर्ष करायचास, गाढवा."

आणि ते हसत सुटले. मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. आईने दोघांच्या केकवर भरपूर क्रीम घातलं.

ऑक्टोबरात यास्नाने बेकरी घेतली. त्यानंतर मी घरी गेलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तिच्याकडून गरम पाव घेतले आणि बेकरीवरच्या आमच्या घराचा जिना चढलो. आईने दार उघडलं नि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत अजून."