झोळीचे रंग

यंत्राचा मत्सर करणारी बाई साऱ्या म्हैसुरात शोधली असती तर एकच सापडली असती, आणि ती म्हणजे भानुमती. इतरांच्या सवती साडी नेसतात, कुंकू लावतात. भानुमतीच्या सवतीला चार चाकं होती, पोटात बॅटरी होती आणि ती दिवसभर नवऱ्याच्या पलंगाशेजारी उभी असायची.

मशीनचं नाव पेशंट होइस्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला झोळीत घालून उचलायचं आणि खुर्चीत नेऊन ठेवायचं, हे त्याचं काम. मुलाने, रविकिरणने, ते आईच्या भल्यासाठीच आणलं होतं. म्हणून तर तिला उघड रागावताही येईना.

त्याचं असं झालं होतं. भानुमतीचा नवरा कृष्णमूर्ती हा पिढीजात रंगारी. घरामागच्या शेडमध्ये त्याने जन्मभर रेशीम रंगवलं. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचं काम भानुमतीने एकटीने केलं. त्याच्या काखेखालून दोन्ही हात घालायचे, त्याचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवायचं, "हं, उठा बघू" म्हणायचं आणि उचलायचं. अख्ख्या संसारात दिवसाउजेडी कधी पडली नाही ती मिठी आता सकाळ-संध्याकाळ पडू लागली. येणारे-जाणारे म्हणत, बिचारी किती राबते! बिचारीच्या मनात काय होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या एका नजरेने शेडमधली माणसं गप्प व्हायची, तो माणूस आता आपल्या मानेशी श्वास सोडत, सगळा भार आपल्यावर टाकून उभा राहतो, याचं तिला सुख होतं. लाज वाटावी इतकं सुख होतं.

मग तिची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, "आता पुन्हा उचललंत तर घरात दोन पलंग घालावे लागतील." पंधरवड्यात होइस्ट आलं, आणि होइस्टबरोबर ते चालवायला भाग्या आली.

भाग्या सरगूरची, आजाऱ्यांची देखभाल रीतसर शिकलेली. दिसायला बेताची होती हे भानुमतीने पहिल्या दिवशीच पाहून घेतलं आणि थोडं बरं वाटून घेतलं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. पोरगी कामाला चोख होती. झोळीला हात लावण्यापूर्वी ती सगळ्या शिवणी बोटांनी चाचपायची. चाकांत केस, दोरे अडकलेत का ते वाकून बघायची. मशीनचे पाय पलंगाखाली सरकवून फाकवायची, म्हणजे ते उलथत नाही. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू. "ताता, आज मान सरळ ठेवा हं. ताता, काल जेवला नाहीत म्हणे, हलके झालात." ताता म्हणजे आजोबा; कानडीतली तिची ही लाडीगोडी ऐकून भानुमती स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

खरी आग लागली ती रंगांमुळे.

झोळीच्या प्रत्येक पट्ट्याला तीन लूप होते, तीन रंगांचे. खांद्याकडे जवळचा लूप अडकवायचा, मांडीकडे लांबचा, म्हणजे माणूस नीट बसता राहतो. डाव्या-उजव्या बाजूला रंग मात्र एकच हवा, नाहीतर माणूस कलंडतो. म्हणून चूक होऊ नये यासाठी भाग्या लूप अडकवताना मोठ्याने म्हणायची, "केंपु, केंपु. हसिरु, हसिरु." लाल, लाल. हिरवा, हिरवा.

एका सकाळी ती असंच "केंपु" म्हणाली, आणि झोळीतून आवाज आला, "डाळिंबी."

भाग्याचा हात थांबला. भानुमती दारात होती, तिच्या हातातला पेला कलला. झटका आल्यापासून कृष्णमूर्तीच्या तोंडून धड एक शब्द निघाला नव्हता. घशातून नुसता घरघर आवाज यायचा. आणि आता बोलला तो काय, तर डाळिंबी! रंगाऱ्याला ते सरसकट लाल म्हटलेलं सहन झालं नसावं. भाग्याने हिरवा लूप वर धरला. त्याने बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाला, "पोपटी." तिसऱ्याला "जांभळा" म्हणाला. भाग्या टाळ्या पिटायला लागली. रविकिरणने संध्याकाळी पेढे आणले. भानुमतीने पेढा तोंडात घातला, हसली, देवापुढे दिवाही लावला. पण पोटात जी कळ उठली होती ती काही पेढ्याने जाईना.

का उठू नये? वर्षानुवर्षं ती त्याच्यापुढे बसून बोलत होती. "मी कोण? भानू म्हणा. भा-नू." तो छताकडे बघायचा. आणि ही कालची पोर येते, दोन पट्टे हलवते, आणि तिच्यासमोर हा बोलतो! तेही आपल्या घरच्या मराठीत, जी तिला धड कळतही नाही. दुसऱ्या दिवशी भानुमतीने मुद्दाम आपली जुनी साडी नेसली, त्यानेच रंगवलेली. पदर त्याच्या डोळ्यांपुढे धरला. "हा कोणता? सांगा की, हो." त्याने पदराकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तिचा नुसता तिळपापड झाला.

मग तो शनिवार आला. भानुमती तव्यावर डोसा घालत होती. आतून भाग्याची लगबग आणि मशीनचा बारीक घुरघुराट ऐकू येत होता. एवढ्यात नवऱ्याचा आवाज आला, "भा..."

उलथनं हातात तसंच, ती धावत दारापर्यंत गेली.

"...ग्या," कृष्णमूर्ती म्हणाला.

भाग्या वळून म्हणाली, "अम्मा, ऐकलंत? तातांनी माझं नाव घेतलं!" पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. भानुमती म्हणाली, "ऐकलं." तव्यावरचा डोसा करपून काळा झाला होता. तिने तो खरवडून काढला आणि तवा घासायला घेतला.

भाग्या शनिवारी संध्याकाळी सरगूरला घरी जायची आणि सोमवारी सकाळी यायची. रविवारी कृष्णमूर्ती पलंगावरच असायचा. जाण्यापूर्वी भाग्याने झोळी साध्या साबणाने धुतली आणि मागच्या दोरीवर टाकली. रविवारी दुपारी रविकिरण काही कामाने बाहेर गेला आणि भानुमती त्या दोरीपुढे जाऊन उभी राहिली. वाऱ्याने लूप हलत होते. डाळिंबी, पोपटी, जांभळा. तिला वाटलं, हेच ते. यांच्याच जोरावर ती पोरगी त्यांना बोलतं करते. रंगच नसतील तर काय बोलतील तिच्याशी?

शेड बंद पडली तरी शेजारपाजारच्या बायकांना ब्लाउज, परकर साडीला जुळवून रंगवून द्यायचं काम भानुमती अजून करायची. रंग उतरवायची पूड घरात होतीच. तिने पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी उकळलं, पूड टाकली, आणि चारही पट्टे त्यात बुडवून काठीने हलवत बसली. गंधकासारखा उग्र वास सुटला. रंग सुटायला लागले. आधी डाळिंबी गेला, मग पोपटी, जांभळ्याने मात्र जरा छळलं. तिला मनापासून बरं वाटत होतं. कापड फाटणार नाही, शिवण उसवणार नाही, एवढं तिला कळत होतं, ती काही अडाणी नव्हती. फक्त रंग जाणार होते. बुडालेल्या टोकाशी कंपनीने शिवलेलं लेबल होतं, त्यावरची अक्षरंही गेली. उकळत्या पाण्यात घालू नये, असंच त्यावर लिहिलेलं होतं.

सोमवारी रविकिरण नेहमीसारखा लवकर कडकोळला फॅक्टरीत गेला. भाग्याचा फोन आला, "अम्मा, बस वाटेत बंद पडली, उशीर होईल. तातांना तोवर पलंगावरच असू द्या."

"परवागिल्ला, काही हरकत नाही, सावकाश ये," भानुमती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, आज मीच करते. आज तिची गरजच कशाला?

तिने झोळी त्याच्या अंगाखाली सरकवली. कुशीवर वळवणं तिला भाग्याइतकंच येत होतं. मशीन आणलं, त्याचे पाय फाकवले. मग एकेक पट्टा हातात घेतला. सगळे लूप पांढरेफटक. कृष्णमूर्ती त्यांच्याकडे बघत होता. त्याने नाक आक्रसलं, एक पट्टा डाव्या हाताने ओढून जवळ घेतला आणि हुंगला. मग भानुमतीकडे बघितलं. तिने नजर चुकवली आणि हाताला येईल तो लूप अडकवत गेली. टोकापासून मोजले असते तरी चूक टळली असती. पण तिने आजवर फक्त रंगांची नावं ऐकली होती, मोजायचं तिला सुचलंच नाही.

बटण दाबलं. तो वर उचलला गेला, आणि वर येता येताच उजवीकडे कलंडायला लागला. तिथेच थांबायला हवं होतं. तिला वाटलं, आणखी वर गेला की आपोआप सरळ होईल. तिने बटण दाबूनच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मशीन खुर्चीकडे ओढलं. त्याचा निकामी खांदा झोळीच्या काठावरून बाहेर आला, मग डोकं, आणि तो पलंग आणि खुर्चीच्या मधे, फरशीच्या वर, तिरका लोंबायला लागला.

भानुमतीने हातातलं बटण टाकून दिलं आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. त्याचा सगळा भार तिच्या छातीवर आला. त्याचं कपाळ तिच्या खांद्यावर आणि श्वास मानेशी. ज्यासाठी इतके दिवस ती जळत होती ते मिळालं, आणि तिला फक्त एवढंच कळत होतं की हात सुटला तर हे डोक्यावर पडतील. कंबरेतून कळ गेली. बटणाची वायर पायाशी लोंबत होती, ती घ्यायला हात रिकामा नव्हता. ती ओरडली, कुणाला ते तिलाही कळलं नाही.

"अम्मा!" मिळेल त्या गाडीने आलेली भाग्या दारातून धावली. खांद्यावरची पिशवी फेकून तिने एका हाताने त्याचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने बटण उचललं, कमरेने रेटत मशीन पलंगावर वळवलं आणि त्याला हळूहळू खाली घेतलं. तो पलंगाला टेकला तेव्हा तिघंही धापा टाकत होती. त्याला कुठे लागलं नव्हतं. भानुमती भिंतीला धरून खाली बसली. पोरीने तिला पाणी आणून दिलं. तेही तिला सोसवेना.

भाग्याने फोन केल्यावर रविकिरण आला. वडिलांना पाहिलं, आईला पाहिलं, मग झोळी उचलली आणि त्याचा चेहराच बदलला.

"याचे रंग कुठे गेले? भाग्या, तू धुतलीस ना शनिवारी?"

"धुतली, सर. पण साध्या साबणाने. रंग होते तेव्हा."

"मग काय चिमण्यांनी नेले? ब्लीच घालू नका, गरम पाणी नको, हे कंपनीवाल्याने तुझ्यासमोर सांगितलं होतं. अप्पा आज मेले असते!"

"नानल्ल, सर," पोरगी रडकुंडीला आली. "मी नाही केलं."

"मग कोणी केलं? या घरात आहे कोण दुसरं?"

भानुमतीच्या तोंडाला कुलूप लागलं. मुलाच्या मनात आईचं नाव येणंच शक्य नव्हतं. तिला काही खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पोरगी जाईल. दुसरी कुणी येईल, थोराड, मुकी, कामापुरती. तिच्याशी हे बोलणार नाहीत. तिला हे सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि खोटं कशाला सांगा, ते तिला हवंही होतं.

"सामान उचल," रविकिरण म्हणाला. "एजन्सीला मी कळवतो."

भाग्या पिशवी उचलायला वाकली. तेवढ्यात पलंगाच्या कठड्यावर थाप पडली. कृष्णमूर्ती डाव्या हाताने कठडा बडवत होता. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ वेडेवाकडे हलले, आणि मग स्पष्ट शब्द आला.

"भानू."

रविकिरण झोळी टाकून पलंगाशी धावला. "आई! अय्यो, ऐकलंस? अप्पांनी तुला हाक मारली! इतक्या वर्षांनी! ये ना, अशी उभी काय राहिलीस, ये!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राग कुठल्या कुठे गेला होता, भाग्या दारात पिशवी घेऊन उभी आहे हेही तो विसरला होता.

"भानू," कृष्णमूर्ती पुन्हा म्हणाला. त्याचं बोट झोळीकडे गेलं, तिथून भानुमतीकडे आलं आणि तिथेच राहिलं.

मुलगा फक्त वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. बोट त्याने पाहिलंच नव्हतं. भानुमतीला वाटलं, जावं, पलंगावर बसावं, हात हातात घ्यावा. हाक म्हणूनच हे घरात राहील. मुलगा साऱ्या नातेवाइकांना फोन करेल, पेढे आणेल, आणि तिलाही हळूहळू ते खरं वाटायला लागेल. नवऱ्याचे डोळे तिच्यावर होते.

ती पलंगाकडे गेली नाही. दाराशी जाऊन तिने भाग्याच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"हाक नाही मारली रे त्यांनी," ती मुलाला म्हणाली. "कोणी केलं म्हणून तू विचारलंस ना, त्याचं उत्तर दिलं."