उंटकटाऱ्याचं बारसं

माझा भाऊ वना, त्याला लेकरू नाही. त्यामुळे आत्या होऊन कुणाच्या कानात कुर्र करायचं माझ्या नशिबी आलंच नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण पाळणाच हलला नाही तर तो मान काय चाटायचा?

गेल्या वर्षी जळगावहून कॉलेजचे एक सर आले. चोपड्याच्या वर, सातपुड्यात वनाने त्यांना एक उंटकटारा दाखवला. नेहमीच्या निळसर फुलांऐवजी पिवळी फुलं. सर नाचायचेच बाकी राहिले! आमच्या ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "वनाभाऊ, ही जात नवीन आहे. अंगभर काटे असलेल्या जनावराला ग्रीक भाषेत एकिनोस म्हणतात. त्यावरून समुद्रातल्या काटेरी जिवांना नावं पडली, तिकडच्या बेटांना पडली, या झाडालाही. एरंडावरून एरंडोल म्हणतात ना, तसं. पहिलं नाव ते ठरलेलं. दुसरं तुमचं लावतो."

वनाचे डोळे भरले. मला म्हणाला, "अक्का, मन्हं नाव राही वं आते." लेकरू नसलं तरी आता त्याचं नाव मागे राहणार होतं.

मग मी कशाला मागे राहते? त्याच पिवळ्या फुलांचा एक उंटकटारा कुंडीत लावला, कुंडी पाळण्यात ठेवली, बायका बोलावल्या, घुगऱ्या वाटल्या. झाडाशी तोंड नेऊन म्हटलं, "वना." ओठाला काटा टोचला तरी हसले. कुंडीवर चुन्याने तेच नाव लिहिलं.

पण छापून आलं ते सरांच्या कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव. त्या माणसाने सातपुडा गाडीच्या काचेतून तरी पाहिलाय का, देव जाणे. बठ्ठा गाव हसला, एकूण एक माणूस. गावातला उखर्डू पारावरून ओरडायचा, "बारसं तुम्हनं, बाप दुसराच शे!" वनाने पाराकडून जाणंच सोडलं.

परवा सर पुन्हा उगवले. अध्यक्षांच्या सत्काराला जिवंत झाड हवं, आणि डोंगरातली गुरांनी तुडवलेली. "मी तुमचंच लावणार होतो हो," म्हणाले, "पण नोकरी करायचीय."

"सर, तुमच्या जिभेला हाड आहे का?" म्हणत मी कुंडीसमोर आडवी उभी राहिले.

वना उठला. मला हळूच बाजूला केलं, रुमाल ओला केला आणि कुंडीवरचं स्वतःचं नाव पुसून काढलं. मग कुंडी उचलून गाडीत ठेवली.

"सर," म्हणाला, "याले पानी जास्त घालू नका. मरी जाई."

दोघांनाही चपलेने हाणावंसं वाटलं मला. गाडी गेल्यावर पाळणा मोडला आणि चुलीत घातला.