मी कळफलक बोलतोय : विणकामाच्या गटातली शुद्धलेखनाची लढाई

मी कळफलक बोलतोय. तुम्ही मला कीबोर्ड म्हणाल. म्हणा. पण आमच्या आप्पांसमोर म्हणू नका, ते तिथल्या तिथे तुम्हाला दुरुस्त करतील. आणि त्या दुरुस्त करण्यापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

आप्पा म्हणजे एका वर्तमानपत्राचे निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार जागेवर बसवण्यात गेली. निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी त्यांना संगणक दिला आणि त्याच्यासोबत मी घरी आलो. माझा मोठेपणा सांगत नाही, पण मला एक गोष्ट कळते जी पडद्याला कळत नाही. माणूस काय लिहितो ते सगळेच वाचतात. त्याने लिहून काय खोडलं, ते फक्त मला ठाऊक असतं.

दीड वर्षापूर्वी आप्पा जिन्यात घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. सूनबाई फिजिओथेरपिस्ट. तिने एके सकाळी त्यांच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा ठेवला.

"हे काय?"

"औषध. रोज एक तास."

"अगं, मी पुरुष माणूस..."

"बोटांना ते माहीत नाही, आप्पा."

तिनेच त्यांना 'लोकरीचा गुंता' नावाच्या एका ऑनलाइन गटात घातलं. शे-दीडशे हौशी माणसं तिथे आपापल्या टोप्या, मोजे, स्वेटर दाखवायची. पहिल्याच दिवशी एका बाईंनी तक्रार मांडली, "माझं सुत सारखं तुटतंय." आप्पांच्या अंगात वीज संचारली. त्यांनी माझ्यावर बोटं आपटली : "सुत म्हणजे मुलगा. तुटतंय ते सूत." बाईंनी हसून आभार मानले. तिथेच चूक झाली, कारण आप्पांना वाटलं, लोक आपली वाटच बघत होते.

मग काय विचारता! 'विनकाम' दिसलं की आप्पा हजर. 'मागिल टाका' दिसला की आप्पा हजर. औषधांच्या दुकानाचे मालक हा गट चालवायचे. ते बिचारे दर दोन दिवसांनी "काका, जरा सबुरीनं" म्हणून हात जोडायचे. पण आतली गोष्ट सांगतो. आप्पा दर वेळी आधी लिहायचे, "काय सुरेख झालाय हो स्वेटर!" मग ते वाचायचे, स्वतःशीच लाजायचे आणि अक्षर न् अक्षर खोडायचे. गटात जायची ती फक्त दुरुस्ती.

त्या गटात एक बसवाल्या ताई होत्या. शहरातली बस चालवायच्या आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आगारात बसून विणायच्या. मोज्याची टाच वळवणं म्हणजे भल्याभल्यांची भंबेरी उडवणारं काम. ताईंचा त्यात हातखंडा. आप्पांनी सूनबाईसाठी मोजा विणायला घेतला होता आणि बरोबर टाचेपाशी त्यांचं घोडं अडलं होतं. लोकांनी फार गळ घातली म्हणून ताईंनी टाचेची सगळी कृती लिहून काढली. आठवडाभर, फेऱ्यांच्या मधे, थोडी थोडी.

आप्पांनी ती वाचली. कृती नव्हे, चुका. एकोणीस निघाल्या. त्यांनी क्रमांक घालून यादी केली आणि सगळ्यांसमोर टाकली.

तासाभरात ताईंनी कृती काढून घेतली आणि गट सोडला.

मग जो गदारोळ उठला! "आम्ही इथे मन रमवायला येतो, परीक्षेला बसायला नाही," एकाने सुनावलं. "पण काकांमुळे माझं लिहिणं सुधारलं, ते कुणी बोलायचंच नाही का?" सूतवाल्या बाई मधे पडल्या. पोस्टातल्या एक बाई म्हणाल्या, "ताईंनी साठ टाक्यांच्या जागी सात लिहिलं होतं. मी सातच घातले. आता माझ्या मोज्यात फक्त अंगठा जातोय. अकरावी चूक काकांनी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं!"

एवढ्यात कुणीतरी लिहिलं, "काकांना विणता येत नाही, म्हणून ते शब्द उसवतात."

आप्पांचा पारा चढला. चष्मा कपाळावर, नजर माझ्यावर, बोटं तोफेसारखी. आता एक कबुली देतो. आप्पांच्या लोकरीची बारीक कुसं माझ्या दीर्घ वेलांटीच्या कळेखाली जाऊन बसली होती. मी जोर लावला असता तर ती कळ दबली असती. पण मला त्या दिवशी काय अवदसा आठवली कोण जाणे, मी ती मुळीच हलू दिली नाही. आप्पांनी न वाचता धाडून दिलं :

"भाषेच ह हेळसांड म सहन करणार नाह!"

मग पहिलं उत्तर आलं, "काका, आधी नाहून या, मग बोलू." त्यानंतर दीडशे माणसं हसत सुटली. कुणी वेलांट्यांचा पत्ता विचारला, कुणी दुरुस्तीची यादी क्रमांक घालून पाठवली.

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं आणि संगणक बंद केला. दोन दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मला हसू आलं होतं, ते हळूहळू विरलं. सुयांनाही त्यांनी हात लावला नाही, असं सूनबाई फोनवर नवऱ्याला सांगत होती.

तिसऱ्या दिवशी तिने केसातली पिन काढून माझ्या कळेखालची कुसं उकरली.

"त्या ताईंना लिहा, आप्पा."

"काय लिहू?"

"जे वाटतंय ते. व्याकरण नंतर बघू."

सकाळचा अख्खा तास गेला. लिहीत होते, खोडत होते. शेवटी एवढंच गेलं : "ताई, माझं चुकलं. तुमची टाच मला हवी आहे."

या वाक्याचा भलताच अर्थ निघतो, हे त्यांच्या पाठवल्यावर लक्षात आलं. ताईंच्या तर वाचताक्षणीच आलं. उत्तरात त्या म्हणाल्या, "माझी टाच मलाच लागते, ब्रेक मारायला. मोज्याचा फोटो पाठवा."

आप्पांनी भीत भीत पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं. "रंग छान निवडलाय, काका. सूनबाईच्या पायात शोभेल." आणि त्याखाली क्रमांक घालून चोवीस चुका. सातव्या ओळीत टाका सुटलाय, बाराव्या ओळीत सुलटचं उलट झालंय, असं सगळं. शेवटी लिहिलं होतं :

"चुका काढल्या त्याचं मला वाईट नाही वाटलं. साठचं सात झालं, ते सांगितलंत हे बरंच केलंत. पण आठवडाभर बसून लिहिलं आणि त्यावरून टाच जमली की नाही, हे एकानंही सांगितलं नाही."

आप्पांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी अख्खा मोजा उसवला.

ताई गटात परतल्या. आता त्या लिहिलेलं आधी आप्पांना एकट्याला पाठवतात, आप्पा विणलेलं त्यांना. औषधवाल्यांनी नियमच केला : चूक खासगीत सांगावी, आणि त्याआधी विणकामाबद्दल दोन शब्द बोलावेत. आप्पा नियम पाळतात. "सुरेख. सुंदर." मोजून दोन शब्द. मग चुका.

गेल्या महिन्यात त्यांनी नवा कळफलक आणला. मला ताई घेऊन गेल्या. आता मी आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत असतो, एका जुन्या संगणकापुढे. परवा ताईंनी माझ्यावर एक सूचना टंकली, चालक-वाहकांसाठी विणकामाचा वर्ग सुरू होतोय म्हणून, आणि दारावर चिकटवली.

तिकीट तपासनीस आले. सूचना वाचली, भुवया वर गेल्या, हात खिशातल्या पेनाकडे गेला. "ताई, हे इथे दुसऱ्या ओळीत..."

ताईंनी त्यांच्या हातात सुया दिल्या. "बसा. आधी चाळीस टाके घाला. मग सांगा काय चुकलंय ते."

तपासनीस बसलेत. आठव्या टाक्यावर घाम फुटलाय. तुम्हीही या एकदा. पेन घरी ठेवून या, असं मी म्हणणार नाही. खिशात असू द्या.