परमिशनची तीन वर्षं

गुरखा पलटणीचा नियम असा, की शिपायाला सगळ्या नोकरीत बायकोपोरांना जवळ आणायची परवानगी एकदाच, आणि तीही तीन वर्षांपुरती. बाकीचं आयुष्य बायको पहाडात, नवरा समुद्रापार, आणि वर्षानुवर्षं वाट पाहून येणारी एक लांब रजा. मोठ्या हुद्द्यावर चढलात तर गोष्ट वेगळी, पण सगळेच वर चढले तर खाली सलाम ठोकायला कोण उरणार? लाइनीतल्या, म्हणजे पलटणीच्या क्वार्टरांतल्या, बायका या तीन वर्षांना नुसतं ‘परमिशन’ म्हणत. कुणाची परमिशन चालू, कुणाची संपत आली, कुणाची अजून यायचीय, हे प्रत्येकीला तोंडपाठ. आणि एखादी बाई मध्येच घरी निघून गेली, तर उरलेली परमिशन गेली ती गेलीच. मागून मिळत नसे, रडून मिळत नसे. सरकारी माणसाला रडणं कळत असतं तर असला नियम झालाच नसता.

सुकमित लिंबूची परमिशन ब्रुनेईत, सेरियाच्या लाइनीत उजाडली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या सहवासाचा हिशोब मांडायला बसलं तर हाताची बोटं पुरली असती. तिचा नवरा हर्कमान तिला न्यायला विमानतळावर आला, तेव्हा चार वर्षांची लिलमाया आईच्या गुन्यूच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहिली. बाप ही काय चीज असते हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. महिनाभरात मात्र तीच पोरगी बापाच्या खांद्यावरून उतरेना. हर्कमानने त्या दोघींना सगळं दाखवलं. समुद्र दाखवला, पाण्यात खांबांवर उभं असलेलं गाव दाखवलं, तराफ्यावर बस चढवून नदीपार मिरीच्या बाजारात नेलं. सुकमितने तिथे दोन थर्मास घेतले आणि परत येताना बोट लागल्यासारखी बसमध्येच ओकली. लाइनीत पुढे कितीतरी दिवस तिला थर्मासवाली म्हणत.

शेजारच्या क्वार्टरमध्ये दिलसरी राई राहायची. तिचा नवरा धनबीर आणि हर्कमान दोघं ‘नंबरी’, म्हणजे एकाच दिवशी भरती झालेले, पलटणीतले नंबर एकापाठोपाठचे. नंबरी म्हणजे सख्ख्या भावाच्या वर. पण नवऱ्यांचे नंबर जुळले म्हणून बायकांचे स्वभाव जुळतातच असं थोडंच आहे? दिलसरीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोर कोण आहे ते बघायचा नाही. सुकमितने एकदा हौसेने सोयाबीन शिजवून, पानांत गुंडाळून किनेमा आंबवायला ठेवला. तिसऱ्या दिवशी दिलसरीने नळावर चारचौघींत जाहीर केलं, की माझ्या नवऱ्याचे जंगलातले मोजे बरे, ते निदान धुता तरी येतात. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. सुकमितच्या मुळातच नाकावर राग. तिने त्या दिवसापासून बोलणंच टाकलं, आणि दोघी एका भिंतीला पाठ लावून राहत असूनही वर्षभर एकमेकींना दिसेनाशा झाल्या.

परमिशनची निम्मी वर्षं सरली आणि रजेवरून परतलेल्या एका गाववाल्याने बातमी आणली. सुकमितची सासू माळ्यावरून कोदो, म्हणजे नाचणी, काढताना शिडीवरून पडली होती. खुबा मोडला होता. गावच्या लोकांनी तिला पाठीवरच्या डोको नावाच्या टोपलीत बसवून तीन दिवस चालत धरानच्या इस्पितळात नेलं आणि तसंच परत आणलं, पण डॉक्टरने हात टेकले होते. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. घरात दुसरं कुणी नाही, हर्कमान एकुलता एक. शेजारची काकी दोन वेळा येऊन कोदोच्या पिठाचा ढिंडो भरवत होती, पण शेजारणीने करून करून किती करायचं?

हर्कमानला काही आठवड्यांची रजा मिळू शकली असती. पण आडवी पडलेली म्हातारी काही आठवड्यांत उठत नसते. तिथे सून हवी होती. आणि सून गेली की परमिशन बुडाली. पुढची लांब रजा येईपर्यंत लिलमाया केवढी झाली असती, आणि बाप तिला पुन्हा पाहुणाच झाला असता. हर्कमानला ‘जा’ म्हणवेना, कारण समोर बायको होती, आणि ‘राहा’ म्हणवेना, कारण तिकडे आई होती. तो ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत राहिला. एकच बूट तो इतका वेळ घासत बसला, की सुकमितला त्या बुटाचीच दया आली.

शेवटी तिनेच सांगितलं, मी जाते. सोमवारी ऑफिसात नाव द्या. लाइनीतल्या बायका येऊन पाठीवर हात फिरवून गेल्या. सून असावी तर अशी, म्हणाल्या. त्या चांगुलपणाने सुकमितला जास्तच भरून आलं, कारण तिच्या मनात सासूपेक्षा नवऱ्याचाच विचार होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ती ट्रंक उघडून बसली. लिलमायाचे फ्रॉक घड्या करून ठेवायची, पुन्हा काढायची.

तेवढ्यात दारात दिलसरी उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा.

“पेटी मीट ती,” ती म्हणाली.

सुकमितने वर पाहिलं नाही. “सासू आहे माझी. जायला नको?”

“माझी परमिशन या महिन्यात संपतेय. मी तशीही जातेच आहे. तुझं गाव माझ्या वाटेवर आहे. मी बघते तुझ्या सासूला.”

वाटेवर वगैरे काही नव्हतं. दिलसरीचं गाव नदीच्या पलीकडच्या अंगाला, आणि मध्ये अख्खा डोंगर. सुकमितला हे ठाऊक होतं आणि सुकमितला हे ठाऊक आहे हे दिलसरीलाही ठाऊक होतं.

“आणि तुझं घर?”

“घराला कुलूप आहे. सासूसासरे वर गेले, बकऱ्या जावेकडे आहेत. कुलपाला काय पेज भरवायची असते?”

सुकमितने हातातला फ्रॉक ट्रंकेत टाकला. परकी बाई, तीही ही, आपल्या म्हातारीचं हगणंमुतणं काढणार. तिने कसंबसं विचारलं, तू का म्हणून करायचंस?

दिलसरी उंबऱ्यावरच बसली. “हे बघ, मला तुझा पुळका आलेला नाही. तुझा किनेमा अजून घाणच मारतो. पण माझी तीन वर्षं संपली, सुकमित. कशी संपली ते मला विचार. आता ट्रंक भरताना कुणी येऊन म्हटलं असतं, दिलसरी, घे आणखी दीड वर्षं, तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्यायले असते. मला कुणी म्हणणार नाही. तुला मी म्हणतेय. गप घे.”

मग मात्र सुकमित रडली. दिलसरीने डोळे पुसण्यासारखं काही केलं नाही. तिने ट्रंकेतले फ्रॉक काढून परत खुंटीला लावले आणि निघून गेली. हर्कमानला कळलं तेव्हा तो धनबीरकडे गेला. दोघं नंबरी पायरीवर बसून बियर प्याले. आभार कसे मानायचे हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा त्यांनी व्हॉलीबॉलच्या गप्पा मारल्या.

अशा रीतीने सुकमित राहिली. राहिली खरी, पण घास गोड लागेना. लाइनीत एखादी म्हणायचीच, की सासू परक्याच्या हाती देऊन इथे कशी बाई झोप लागते. समोर कुणी म्हणत नसे, पण लाइनीच्या भिंती कसल्या, पापडासारख्या. त्या वर्षी ती तिघं आठवडाभर सिंगापूरलाही जाऊन आली. तिथल्या बागेत लिलमाया माकडांना पाहून खदखदा हसली, सुकमितही हसली, आणि हसता हसता तिला वाटलं, आत्ता या घडीला दिलसरी काय करत असेल? हर्कमान तिच्याकडे पाहायचा आणि त्याला कळायचं. मग तो उगीचच पोरीला आइस्क्रीम घेऊन द्यायचा. रजेवरून येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी गाठायची. निरोप दर वेळी एकच, दिलसरी दीदी म्हणते म्हातारी आमा बरी आहे. एवढाच. पट्ट्यासारखं तोंड चालवणारी बाई एवढंच सांगते म्हणजे नक्की काहीतरी लपवते, असं सुकमितने मनाशी धरून ठेवलं होतं.

परमिशन संपली. हर्कमान पलटणीत राहिला आणि मायलेकी परत निघाल्या. विमानात लिलमाया बाबासाठी इतकी रडली, की मागच्या रांगेतल्या बायकाही डोळे टिपायला लागल्या. तीन वर्षांपूर्वी हीच पोरगी त्याला बघून लपली होती. सुकमित तेवढ्या एका गोष्टीचा आधार धरून बसली. धरानपासून दोन भरिये पाठीवर सामान घेऊन पुढे, आणि या दोघी मागे. चढ चढताना सुकमितच्या मनात एकच होतं. म्हातारी काय म्हणेल? की म्हणायला ती असेलच की नाही?

दुपारी घर दिसलं. अंगणात दिलसरी सुपात कोदो पाखडत होती. वाळली होती, उन्हाने काळवंडली होती. सुकमितला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “आलीस? जाडी झालीस.”

म्हातारी ओसरीवर खाटेवर बसलेली होती. अंगावर स्वच्छ धुतलेली चौबंदी चोळी, केसांना तेल, पाठीला एक फोडही नाही. डोळ्यांत मात्र पडदा आला होता. उन्हात तिला झोप लागली होती. सुकमितने तिच्या पायांवर डोकं टेकवलं, तरी ती जागी झाली नाही. मग दोघी अंगणात बसल्या आणि तेव्हा कुठे दिलसरीने जे घडलं ते सांगितलं.

दिलसरी प्रथम दारात आली, तेव्हा म्हातारीला धड दिसत नव्हतं. परदेशातून बाई आलीय एवढं तिने ऐकलं आणि ही आपली सूनच, असं समजून ती जी खवळली, ती काही विचारू नका. परत का आलीस, कुणी बोलावलं तुला, माझं मरण मला एकटीला मरता येत नाही काय, असं म्हणत तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाण्याचा थेंब घेईना. दिलसरी सांगतेय की अगं आमा, मी ती नव्हे, पण म्हातारीला वाटे सून आपली समजूत घालतेय. काकीने सांगून पाहिलं, तर तूही तिला सामील आहेस म्हणाली. शेवटी दिलसरीचा संयम सुटला. तिने खाटेजवळ बसून सुकमितचा असा काही उद्धार केला, तिचा राग, तिचा तोरा, तिचा वास मारणारा किनेमा, सगळं सगळं, की म्हातारी हळूच इकडे वळली. स्वतःबद्दल इतकं वाईट कुणी बोलत नाही, हे तिला पटलं असावं.

“मग तिने एकच विचारलं,” दिलसरी म्हणाली. “ती राहिली ना तिथे? मी म्हटलं, राहिली. तर म्हणाली, आण पेज.”

इतके दिवस जिचा शाप लागेल म्हणून सुकमित भीत होती, ती म्हातारी इथे तिच्यासाठी उपाशी पडून राहिली होती. दिलसरीला मिठी मारावी असं तिला वाटलं, पण दिलसरी तशातली नव्हती. ती उठून सूप घेऊन आत गेली आणि आतून म्हणाली, की मी उद्या सकाळी निघेन, माझ्या बकऱ्या जावेने खाऊन टाकल्या नसतील तर बरं.

म्हातारी जागी झाली. हाताने चाचपडत तिने सुकमितचं तोंड ओळखलं, लिलमायाचं डोकं कुरवाळलं. सुकमितने ट्रंक उघडली, म्हातारीसाठी आणलेली ऊबदार शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि समुद्राचं सांगायला सुरुवात केली. म्हातारीने हातानेच थांबवलं.

“समुद्र आणि विमान पोर सांगेल मला. तू इथे बस. तो रोज घरी यायचा?”

“रोज, आमा. जंगलात नसला की रोज.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी.”

म्हातारीचा नवराही लाहुऱ्याच, म्हणजे परदेशी पलटणीतला शिपाईच होता. त्याच्या काळात परमिशन हा शब्दसुद्धा पहाडात कुणी ऐकला नव्हता. दर रजेला आला तो पाहुणा म्हणून, आणि पेन्शन घेऊन कायमचा आला त्याच हिवाळ्यात तापाने गेला.

“आल्यावर काय करायचा?”

“काही नाही, आमा. बूट काढायचे, तेही दारातच टाकायचे. मग चहा. मग लिलमाया पाठीवर. जेवताना कुरकुर, आज मीठ जास्त झालं, आज भातच गिळगिळीत.”

“कुरकुर करायचा?” म्हातारीने मान वर केली. “तुझ्यावर?”

“रोज. मग मीही बोलायचे.”

म्हातारीच्या बोळक्या तोंडावर हसू पसरत गेलं. “माझ्यापाशी कधी केली नाही गं,” ती म्हणाली. “रजेवरचा माणूस. कच्चं वाढलं तरी गोड आहे म्हणून खायचा.” तिने सुकमितचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. “सांग आणखी. भात गिळगिळीत झाला, मग काय म्हणाला?”

आणि सुकमित म्हातारीच्या शेजारी खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि सांगू लागली.