अडीच तासांची चूक

विनीताने श्रियाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला.

"आई, इनफ लाह. श्वास तरी घेऊ दे," श्रिया सिंगापुरी वळणाने म्हणाली.

ओमानमधल्या त्या दरीत मायलेकी सकाळपासून दगडधोंडे तुडवत होत्या. दोन्ही बाजूंना उन्हाने करपलेले कडे, आणि आता समोर हिरवंगार पाणी. पुढची वाट पोहूनच. वाटाड्या बाकीच्यांना घेऊन पुढे गेला होता. अठरावा वाढदिवस सिंगापूरला केक कापून नको, इथे हवा, हा श्रियाचा हट्ट. बाबाला बँकेतून रजा मिळेना, म्हणून आई आली. काठावर बसून पिशव्या सांभाळीन म्हणाली. ती बिचारी घोट्यापलीकडे पाण्यात कधी गेलेलीच नव्हती.

लेकीलाही तिने जाऊ दिलं नव्हतं. मुलीला पाण्यापासून जपा, असं पुण्याच्या ज्योतिषीबुवांनी बारशाआधीच पत्रिकेत लिहिलं होतं. विनीताने डोळ्यांत तेल घालून जपलं. पुलाउ उबीन बेटावर जाताना बोटीत हात सोडला नाही. शाळेत पोहण्याचा तास आला की चिठ्ठी जायची: हिला सर्दी आहे. अख्खं बालपण सर्दीत काढलेली सिंगापूरच्या सेंगकांग भागातली ही एकच मुलगी असेल.

"श्रिया, थांब जरा." विनीता दगडावर बसली. "गेल्या महिन्यात तुझी पत्रिका कॉम्प्युटरवर नव्याने काढली. त्याने जन्मगाव विचारलं. तेव्हा कळलं, तू जन्मलीस सिंगापूरला, पण बुवांनी तिथली वेळ पुण्याची म्हणून धरली होती. अडीच तासांची चूक. खऱ्या पत्रिकेत पाण्याचं भय नाहीच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? अठरा वर्षं तुला काठावर बसवलं मी."

श्रियाने जॅकेट काढलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ पाण्यात सूर मारला.

विनीताने जॅकेट तिच्या दिशेने पुढे धरलं. पण पोरगी समोरच्या कड्यापर्यंत गेली, कड्याला हात लावून वळली आणि तशीच संथ हात मारत परत आली. तिला साधा दमही लागला नव्हता.

"प्रायमरी फाइव्हपासून," ती म्हणाली. "दर शुक्रवारी, यिशुनच्या स्विमिंग पूलवर. ट्यूशन नव्हती ती."

"आणि ओले केस?"

"तिथल्या हँड ड्रायरखाली वाळवायचे."

शुक्रवारी लेकीच्या केसांना येणारा क्लोरिनचा वास विनीताने इतकी वर्षं नळाच्या पाण्यावर ढकलला होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुला झोप लागली नसती."

"मग आज हे जॅकेट कशाला घातलंस?"

"तू बांधत होतीस ना."

विनीता उठली. पिशव्या दगडाआड सरकवल्या, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. मग जॅकेट अंगात चढवलं.

श्रियाने समोर उभं राहून पट्टा ओढून पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग तिसऱ्यांदाही.